साहेब पुरे झाले, आता शिपाई उभा करा

जुन्या लष्करी वर्द्या जमवणाऱ्या आणि त्या चढवून महायुद्धाचे प्रसंग उभे करणाऱ्या समस्त मित्रमंडळींस,

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या मैदानावर आपण आठ जण उभे होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या, इंग्रजांच्या अमलाखालच्या हिंदी सैन्याची माहिती सांगायची, पोरांना पाण्याची बाटली, पट्टा, हेल्मेट हाताळू द्यायचं, असा साधा कार्यक्रम होता. आठांपैकी सात जण ऑफिसर होते. दोन मेजर, चार कॅप्टन, एक लेफ्टनंट कर्नल. आठवा तेवढा हवालदार, तोही एवढ्यासाठीच की त्याच्या पोटाच्या मापाचं ऑफिसरचं जॅकेट बाजारात मिळालं नव्हतं. कर्नल मी होतो.

सातवीतलं एक पोरगं बराच वेळ माझ्या सोला टोपीकडे, साहेब लोकांच्या त्या कडक हॅटकडे, बघत होतं. मग म्हणालं, "काका, तुम्ही सगळे इंग्रज झालाय का?" मी म्हटलं, "नाही रे, हे आपलंच सैन्य." तर म्हणे, "मग यातले आपले कुठायत?" मी हवालदाराकडे बोट दाखवायला वळलो. तो वडापाव आणायला गेला होता.

त्याच दिवशी, झेंड्याला सलाम करायला हात वर नेला आणि काखेत चर्र असा आवाज आला. आतल्या शिक्क्यावर १९४२ लिहिलेलं ते जॅकेट. सत्तरऐंशी वर्षं कुठल्याशा ट्रंकेत सुखरूप राहिलं आणि माझ्या अंगावर तासाभरात फाटलं. शिवण नव्हे, कापडच गेलं. घामाने आधीच कुजलेल्या जागी नवा घाम आणि नवा ताण, दुसरं काय होणार?

या दोन गोष्टी मला तेव्हा वेगवेगळ्या वाटल्या होत्या. आता वाटत नाहीत. म्हणून हे पत्र, आणि उघडं पत्र, कारण आपल्या बैठकीत हा विषय काढला की कोणीतरी लगेच बिल्ले दाखवायला सुरुवात करतं.

आधी एक विचारतो. रायगडावर राज्याभिषेकाच्या सोहळ्याला आपणच जातो ना? तिथे हजारोंनी माणसं येतात आणि जो तो मावळा होतो. डोक्याला मुंडासं, कमरेला शेला, खांद्यावर घोंगडं, बास. कोणी रुसून बसत नाही की मला सरदाराचाच जामा पाहिजे. मग तीच माणसं खाकी चढवली की मेजर का होतात? गडावर आपल्याला साधा शिपाईगडी होण्यात अभिमान वाटतो आणि इटलीतल्या किंवा बर्मातल्या शिपायाचा वेश मात्र कमीपणाचा वाटतो, यामागे काय आहे याचा जरा आपल्याशी विचार करा. मी केला. उत्तर फार सुखाचं नाही.

एक कारण मात्र व्यवहाराचं आहे, ते आधी मांडतो. ऑफिसर आपली वर्दी स्वतःच्या पैशाने शिंप्याकडून शिवून घेई. तिच्यावर मालकी त्याची. निवृत्तीनंतर ती घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून पेटीत जाई, आणि नातवंडांनी घर विकलं की लिलावात येई. शिपायाची वर्दी सरकारी. पलटणीतून सुटताना बरंच सामान जमा करून घेत. जे अंगावर घरी आलं, ते पुढे शेतात, गोठ्यात, विहिरीवर झिजलं. त्यामुळे पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरा, नाहीतर मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटवर शुक्रवारी जा; हाताला लागलंच तर साहेबाचंच काही लागतं. जे मिळतं ते आपण घेतो आणि जे घेतलं ते घालतो. हिंदी सैन्यात तेव्हा पंचवीस लाख माणसं होती आणि आपल्या मैदानावर त्यातले फक्त साहेब उरले, ते असे.

कोणी म्हणेल, हिंदी ऑफिसर नव्हते का? होते. आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात १९४५ च्या जानेवारीत बर्माच्या अराकान भागात कांगावच्या लढाईत एका पंजाब पलटणीचे प्रमुख होते, त्यांना डीएसओ हा लढाईतल्या कामगिरीचा सन्मान मिळाला. त्यांचा वेश कोणी नीट अभ्यास करून उभा केला तर मी पहिली टाळी वाजवीन. पण आपल्यातले चार कॅप्टन कुठल्या पलटणीचे, कुठल्या आघाडीवरचे, असं त्या पोराने विचारलं असतं तर काय सांगणार होतो? खांद्यावर तीन चांदण्या आणि हातात छडी, एवढीच आपली तयारी.

आता त्या सोला टोपीबद्दल. ही टोपी बंगालच्या पाणथळ जागेत उगवणाऱ्या शोला नावाच्या झाडाच्या गाभ्याची. बंगाली नवरदेवाचा मुकुट होतो त्याच गाभ्याचा. वजनाला पिसासारखी. गोऱ्या माणसाच्या मेंदूला आणि मणक्याला इथल्या उन्हातले किरण बाधतात अशी तेव्हाच्या डॉक्टरांची पक्की समजूत होती. पाठीवर मणका झाकायला कापडी गादीसुद्धा बांधत. शेजारी उभ्या शिपायाच्या डोक्याला फेटा, ऊन तेच, आणि त्याला काही होत नाही, हे दिसत असूनही ही समजूत पुष्कळ वर्षं टिकली. दुसऱ्या महायुद्धात गोरे सैनिकसुद्धा साध्या टोप्या घालून उन्हात लढले, कोणाचा मेंदू वितळला नाही, आणि सोला टोपी हळूहळू गेली. म्हणजे ती टोपी उन्हापेक्षा 'मी वेगळा' हे सांगण्याच्या जास्त कामाची होती. ती डोक्यावर घालून आपण पोरांना 'हे आपलंच सैन्य' सांगतो तेव्हा पोराला शंका आली, यात पोराची चूक नाही.

आणि गंमत अशी की या सगळ्या पोशाखात साहेबाचं स्वतःचं फार थोडं आहे. खाकी म्हणजे फारसीतली खाक, धूळ. १८४६ मध्ये पेशावरला लम्सडेन या इंग्रज ऑफिसरने गाइड्स नावाची पलटण उभी केली, तिने हा धुळीचा रंग वापरात आणला. पायाला गुंडाळायची ती आपली पट्टी, इंग्रजांनी तिचं पुटी केलं. टोपीवर गुंडाळायची ती पगडी. सुरुवातीच्या खाकीला कशाकशाचे रंग दिले जात, त्यामुळे दोन धुण्यांनंतर पलटणीत प्रत्येकाची छटा निराळी. १८८४ मध्ये लँकेशायरमधल्या ॲक्रिंग्टनच्या फ्रेडरिक गॅटीने लोखंड आणि क्रोमियमच्या क्षारांपासून पक्क्या खाकीचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे ऊन आणि साबणाला टिकणारा रंग सापडला. तरीही एका ढिगातल्या दोन जुन्या चड्ड्या आजही एका रंगाच्या निघत नाहीत. म्हणून आपल्यातले जे 'अस्सल छटा' यावर तास तास भांडतात त्यांनी थोडं दमानं घ्यावं.

मुंबईचंही नाव या पोशाखात आहे, पण थट्टेत. हाफपँटची एक जात होती, पाय भलतेच रुंद, खालची दुमड वर बटणांनी अडकवलेली. संध्याकाळी डास निघाले की दुमड सोडायची आणि पँट घोट्यापर्यंत न्यायची. टॉमी लोक, म्हणजे साधे गोरे शिपाई, तिला 'बॉम्बे ब्लूमर्स' म्हणत. आम्ही एकदा शिवून पाहिली. दुमड वर असेल तर चालताना परकर घातल्यासारखं वाटतं आणि खाली सोडली तर पोतं. ज्याने ही काढली त्याने ती स्वतः कधी घातली नसावी.

हे झालं हसण्यावारी. खाकीची दुसरी बाजूही आहे. १९४२ मध्ये बर्मातून माघार घेताना आपली माणसं याच वाळवंटी रंगात हिरव्या रानातून चालत होती. लांबून दिसायची. मग इथे तयार खाकी कपडे हिरव्या रंगात बुडवून काढले गेले आणि पुढे खास जंगलासाठी हिरवा पोशाख आला, पातळ जाळीच्या कापडाचा. तेव्हा कृपा करून १९४१ च्या केरेनच्या लढाईचा फलक लावून हिरव्या शर्टात उभे राहू नका. केरेन एरिट्रियातल्या उघड्या खडकाळ डोंगरात आहे. मराठ्यांची तिसरी पलटण तिथे चढली ती खाकीत.

आता खरी गोष्ट.

सातारा तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. तो पट्टाच फौजेचा. तिथलं आपशिंगे तर मिलिटरी आपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले सेहेचाळीस जण कामी आले. मी गेलो होतो ते गाव दुसरं, जवळचंच. एका घरी वर्दी आहे असं कळलं होतं. घरच्या आजींनी आधी चहा पाजला, मग म्हणाल्या, "वर्दी कुठली बाबा, ती कवाच संपली." आणि खाटेवरची गोधडी उलटून दाखवली. लुगड्यांच्या, धोतरांच्या तुकड्यांत मधोमध वीतभर खाकी तुकडा. जाड, तिरक्या विणीचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला. त्याच्यावर खिशाचा ठसा होता. खिसा उसवून काढल्यावर खालचा रंग गडद राहतो तसा चौकोन. कडेला अर्धवट शिक्का, बाणाचं टोक आणि खाली इंग्रजी आय. हिंदुस्थानात बनलेल्या सरकारी मालावर हा शिक्का असे.

मी किंमत विचारली. आजही लाज वाटते. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "पांघरूण कोण इकतं?"

मग मी खिशातून टेप काढला आणि त्या चौकोनाची मापं घेतली. रुंदी, उंची, झाकणाचं टोक कुठे येत होतं ती शिवणीची भोकं, एका इंचात किती टाके. वहीत उतरवून घेतलं. दहाबारा वर्षांत मी पेट्या भरून वर्द्या जमवल्या, पण शिपायाच्या शर्टाची माझ्याकडची एकमेव पक्की माहिती ही अशी, एका गोधडीवरून आली आहे.

निघताना आजींनी सासऱ्याची मेडलं दाखवली. आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे माहीत नाही, पण ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची जी मेडलं मिळाली त्यांवर नावं नाहीत. हिंदी सैनिकांच्या मेडलांवर मात्र आहेत. कडेला किंवा मागे नंबर, हुद्दा, नाव, पलटण, बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं. साहेब लोक मराठा शिपायाला सरसकट 'गणपत' म्हणत. प्रेमाने म्हणत, असं त्यांचे लेखक सांगतात, असेल. पण मेडलावर गणपत लिहून चालत नव्हतं. तिथे खरं नाव लागायचं. आणि ही मेडलं आपण काय करतो? 'दोन स्टार, एक वॉर मेडल, सेट' म्हणून विकत घेतो आणि कर्नलच्या छातीवर टाचतो. मीही टाचली होती. जरा कडेला भिंग धरून बघा, तुमच्या छातीवर कोणाचं नाव आहे ते.

मित्रांनो, आपल्याकडे सांगण्यासारखं काय कमी आहे? पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे गेलेली सहावी डिव्हिजन नावानेच पुणे डिव्हिजन होती. टेसिफोनहून मागे फिरून ती कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. पाच महिने उपासमार आणि मग कैद. १९४४ च्या १० जुलैला इटलीत टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे या नाईकाच्या तुकडीतले सगळे पडले. हा एकटा मशिनगनवर धावून गेला, मॅगझिन बदलायला सवड नव्हती तर टॉमीगनच्या दस्त्याने लढला, आणि तिथेच मारला गेला. वय बावीस. रायगड जिल्ह्यात माणगावला त्याचा पुतळा आहे. पुढच्या ९ एप्रिलला सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी जखमींना सुरुंगांतून उचलून आणलं. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान. एक नाईक, एक साधा शिपाई. बाहीवर दोन फिती किंवा एकही नाही. आपल्या आठ जणांत त्यांच्या हुद्द्याचा एकही माणूस नव्हता.

आता तुमच्यातले काही म्हणतील की ही माणसं साहेबाच्याच राज्यासाठी लढली, त्यांचं कौतुक कशाला? म्हणा. त्याच वर्षांत सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं आणि त्याच जिल्ह्यातली पोरं इटलीत नद्या ओलांडत होती. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण हा पेच शिपायाच्या वेशात उभं राहिलं तरच समोरच्याला सांगता येतो. सोला टोपीखाली तो येत नाही.

कायद्याचंही एकदा बोलून टाकू. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे, आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा वेश केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुद्दा हेतूचा आहे, पण तो रस्त्यावर कोण तपासत बसणार? २०१६ मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर लष्करानेच लोकांना आवाहन केलं होतं की फौजेसारखे कपडे वापरू नका आणि विकू नका. तेव्हा सध्याच्या सैन्याचा छापील रंगाचा एकही कपडा आपल्या कार्यक्रमात नको, जुन्या वर्दीबरोबर नवा पट्टासुद्धा नको. घरून साध्या कपड्यात निघायचं, मैदानावर बदलायचं. बंदूक लाकडाची. मागे आपल्यातला एक 'मेजर' टोलनाक्यावर पूर्ण वेशात चहा पीत उभा राहिला आणि दोन तास ठाण्यात बसला. त्यांनी योग्यच केलं.

माझं म्हणणं तीन वाक्यांत मावेल. अस्सल कपडा अंगावर चढवायचा नाही. शिपायाचा वेश नव्याने शिवून घ्यायचा. आणि ऑफिसर व्हायचं असेल तर मैदानावर त्याच्या दहापट शिपाई असल्याशिवाय व्हायचं नाही.

अस्सल जे आहे ते धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमट धरतं. खळ तर मुळीच नको. खळीवर कसर आणि झुरळं येतात. पितळी बटणांखाली कापडावर हिरवं चढायला लागलं की बटणामागे कागद सरकवा. आतले शिक्के, नंबर, कोणी शाईने घातलेलं नाव, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

नवं शिवायला कापड हीच डोकेदुखी आहे. दुकानात खाकी मागितली की पोलिसांचं टेरीकॉट पुढे करतात. ते चकाकतं, फोटोत लगेच कळतं. आपल्याला हवं निव्वळ सुती ड्रिल, म्हणजे तिरक्या विणीचं कापड, जाड, हाताला खरखरीत. कॅम्पातले एक वयस्कर मास्तर मला शिवून देतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझी मापं घेतली आणि पँटची कंबर बेंबीच्या वर नेली. मी म्हटलं, मास्तर, खाली घ्या. ते म्हणाले, "तुमच्या पोटाखाली नाही, आजोबांच्या पोटावर शिवतोय." खरंच, जुन्या फोटोत बघा, कंबर किती वर असते. ही एक गोष्ट जमली तरी अर्धा वेश जमतो. खाली पंजा नसलेले लोकरी पायमोजे, घोट्याला पट्टी, तळाला खिळे मारलेले बूट. डोक्यावर काय हे मात्र पलटण, साल आणि आघाडी ठरवून त्या वेळचे फोटो पाहून ठरवा.

आपल्यातल्या ज्या मैत्रिणी आजवर 'मेमसाहेब' होऊन छत्री धरून उभ्या राहिल्या, त्यांनाही सुचवतो की १९४२ पासून हिंदी स्त्रियांची सहायक दलं होती, आणि नौदलाच्या महिला शाखेत साडीचाही गणवेश होता. घरात सगळं सामान असताना छत्री कशाला धरायची?

मी माझी कर्नलकी सोडली आहे. फाटलेलं जॅकेट तसंच ठेवलं आहे, रफू केलेलं नाही. पुढच्या कार्यक्रमाला मी लान्स नाईक म्हणून येईन, एका फितीचा. या वयात लान्स नाईक शोभत नाही असं घरच्यांचं मत आहे, ते ऐकून घेतलं.

शर्टाच्या खिशाची आजींच्या गोधडीवरची मापं आणि मास्तरांनी कापलेले कागदी नमुने माझ्याकडे आहेत. ज्यांना हवेत त्यांनी न्यावेत, पैसे नकोत. मास्तर एका वेळी सहाच शर्ट घेतात, तेव्हा दिवाळीच्या गर्दीआधी सांगा. आणि कापड त्यांच्याकडे नेण्याआधी घरी दोनदा धुवा. सुती ड्रिल आटतं. माझी पहिली पँट आता माझा पुतण्या घालतो.

कळावे, लोभ असावा.

आपलाच,
माजी लेफ्टनंट कर्नल (स्वघोषित), पुणे